सेनेगलमधील यजमानाचे घर

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी १९६१ साली स्थापन केलेल्या ‘पीस कोअर’ या संस्थेतर्फे पश्चिम आफ्रिकेतील सेनेगलमध्ये जाणाऱ्या स्वयंसेवकास, दोन वर्षांच्या प्रत्यक्ष सेवेत रुजू होण्यापूर्वी, थिएस शहराच्या परिसरातील एखाद्या कुटुंबात राहून सुमारे तीन महिने उमेदवारी करावी लागते. या निवासाचा मोबदला संस्था यजमानास देते; परंतु घरात शिरताच पाहुण्यास त्या कुलाचे आडनाव व एखादे स्थानिक नाव मिळते, आणि तेथे व्यवहार संपून नाते सुरू होते, असे मला वाटते.

सकाळ वोलोफसारख्या भाषेच्या पाठांत जाते. दुपारी मासे घालून शिजविलेल्या भाताच्या एकाच मोठ्या परातीभोवती सारे बसतात; प्रत्येकाने उजव्या हाताने आपल्यापुढचाच घास घ्यावयाचा, आणि मधोमध ठेवलेल्या माशाचे तुकडे मोडून गृहिणीने ते पाहुण्यापुढे सारावयाचे, हा तेथला शिरस्ता. भोजनोत्तर कोळशावर उकळलेला, पुदिन्याचा, उत्तरोत्तर गोड होत जाणारा चहा तीनदा फिरतो, आणि खरे संभाषण तेव्हाच शिकले जाते.

प्रशिक्षण संपले की नेमणूक दुसऱ्या गावी होते. तेथेही मुक्काम बहुधा एखाद्या कुटुंबातच असतो.