आधी थांबायला शिका

सोळा वर्षांच्या लेकाला गाडीच्या शर्यतीचा गेम खेळताना पाहिले की आमच्या काळजात धस्स होई. उद्या हा रस्त्यावरही अशीच गाडी पळवील! एका रविवारी त्याच्या शेजारी बसून आम्हीही खेळलो. गेम होता जुना ‘ग्रॅन टुरिस्मो’, १९९७ मध्ये जपानमध्ये प्लेस्टेशनवर आलेला. त्यात बऱ्याचशा शर्यतींत उतरण्याआधी लायसन्स काढावे लागते. पहिली परीक्षा कसली, तर गाडी पळवून ठरलेल्या पट्ट्यातच थांबवण्याची! आम्ही चार वेळा नापास.

“अब्बा, ब्रेक उशिरा दाबताय.”

पुढे वळणे आली. वळणाआधी वेग आवरला तर गाडी सुसाट बाहेर निघते. वळणात शिरून ब्रेक दाबला तर भरकटते. या खेळाची गोडी नुसत्या वेगात नाही. चूक कुठे झाली ते लगेच कळते, पुन्हा संधी मिळते आणि अर्धा सेकंद वाचला तरी मन फुलते.

रस्त्यावर मात्र पुन्हा संधी नसते. लेकाने परवा मोटारसायकलची चावी मागितली. आम्ही म्हटले, “बेटा, इथेही आधी लायसन्स!” तो हसला. चावी खुंटीवरच आहे.