युनियनच्या दाराबाहेरचा कामगारही आपलाच

अंजूर आणि आसपासच्या गावांतली आपली मुले भिवंडीच्या गोदामांत कामाला लागतात. आयटीआय झालेली काही चाकण-तळेगावच्या मोटार कारखान्यांकडे वळतात. दोन्हीकडे नेमणूक अनेकदा कंत्राटदारामार्फत किंवा ट्रेनी म्हणून होते. युनियन असलीच, तर ती बहुधा कायम कामगारांची. असे का, हे आपण समजून घेतले पाहिजे.

गाडीच्या एकाच असेंब्ली लाइनवर कायम, कंत्राटी आणि अप्रेंटिस असे तिघे शेजारी उभे असतात. काम जवळपास सारखे, हक्क मात्र वेगळे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याने शिकाऊ उमेदवाराला ‘कामगार’ मानलेलेच नाही. कंत्राटी कामगाराचा मालक कागदोपत्री कंत्राटदार असतो, म्हणून कंपनी त्याच्याशी बोलणी टाळते. २०२२-२३ च्या उद्योगांच्या वार्षिक पाहणीनुसार देशातील कारखान्यांत दर १० कामगारांमागे सुमारे ४ कंत्राटी होते.

फरक कुठे पडतो? जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन थांबवले, तेव्हा कायम कामगारांच्या वतीने त्यांची युनियन न्यायालयात लढली. एकट्या कंत्राटी कामगाराला मात्र कंत्राट संपले की गेटवरूनच परतावे लागते.

ही बहिष्कृतता आपल्याला नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न थेट युनियनच्या पुढाऱ्यांना विचारला. पण म्हणून त्यांनी संघटनेकडे पाठ फिरवली नाही. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप केला आणि मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये युनियनला मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक मांडले.

आज काय करता येईल? नेमणूकपत्र आणि पगाराची पावती मागा, पीएफचे पासबुक तपासा. कंत्राटदाराने पगार बुडवला, तर देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे लक्षात ठेवा. कंत्राटी कामगारही युनियन काढू शकतात. अर्जाला ७ जण पुरतात. मात्र नोंदणीसाठी त्या आस्थापनेतील किंवा उद्योगातील १० टक्के किंवा १०० कामगार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद लागतात. कायम कामगारांच्या युनियनमध्ये असलेल्या आपल्या बांधवांनी बाबासाहेबांचा तोच प्रश्न आपल्या सभेत विचारावा.

‘संघटित व्हा’ हे केवळ जयंतीच्या बॅनरपुरते नाही. विहारातल्या रविवारच्या बैठकीत एक तास कामगारांच्या प्रश्नांसाठी ठेवू या.

जय भीम!