फिलिप थिस
फिलिप थिस हा बेल्जियमचा सायकलपटू होता. त्याने १९१३, १९१४ व १९२० साली टूर दे फ्रान्स जिंकली. ही शर्यत तीन वेळा जिंकणारा तो पहिला खेळाडू होय.

ब्रसेल्सलगतच्या अँडरलेख्त येथे जन्मलेला थिस १९१० मध्ये बेल्जियमचा सायक्लो-क्रॉस विजेता ठरला. त्या काळी टूरमध्ये सायकल मोडल्यास स्पर्धकाने ती कोणाच्याही मदतीविना स्वतःच दुरुस्त करावी, असा कडक नियम होता. १९१३ च्या शर्यतीवर या नियमाची छाप पडली. पिरेनीज पर्वतातील तुर्माले घाट उतरताना आघाडीचा फ्रेंच स्पर्धक यूजीन क्रिस्तोफ याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो पायी खालच्या गावी गेला व तेथील लोहाराच्या भट्टीवर त्याने चिमटा जोडला. मात्र भाता एका मुलाने चालवला म्हणून त्याला दंड झाला. तो टप्पा थिसने जिंकला. शर्यत संपत आली असता थिसचाही चिमटा मोडला आणि दुरुस्तीत मदत घेतल्याबद्दल त्याला १० मिनिटांचा दंड बसला. तरीही गुस्ताव्ह गारिगूपेक्षा ८ मिनिटे ३७ सेकंद आधी शर्यत पूर्ण करून तो विजयी झाला.

१९१४ ची टूर २८ जून रोजी, म्हणजे साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली त्याच दिवशी सुरू झाली. थिस पहिल्या टप्प्यापासून आघाडीवर होता. अखेरीस नियमबाह्य रीतीने चाक बदलल्याबद्दल त्याला ३० मिनिटांचा दंड झाला व हेन्री पेलिसियेवरील त्याची आघाडी अवघी १ मिनिट ५० सेकंद उरली. तेवढी त्याला पुरली.

पुढील चार वर्षे महायुद्धामुळे टूर झाली नाही. पूर्वीचे विजेते फाबर, लापीझ व पती-ब्रतों युद्धकाळात मरण पावले. थिसने १९१७ मध्ये पॅरिस–तूर व लोंबार्डी या शर्यती जिंकल्या, पण ऐन उमेदीची वर्षे निघून गेली. १९१९ च्या टूरमध्ये तर त्याने पहिल्याच टप्प्यात माघार घेतली. संयोजक आंरी देग्रांज याने त्यावर कडक टीका केली. पुढच्याच वर्षी थिस सुमारे ५७ मिनिटांच्या फरकाने जिंकला. पहिले सातही क्रमांक बेल्जियन स्पर्धकांनी पटकावले. युद्ध झाले नसते तर थिसने आणखी काही टूर जिंकल्या असत्या, असे नंतर देग्रांजनेही मान्य केले.

१९२२ मध्ये त्याने पाच टप्पे जिंकले, पण एकूण क्रमवारीत तो मागे राहिला. तीन विजयांची बरोबरी १९५५ मध्ये लुइसों बोबे याने केली. चौथा विजय १९६३ मध्ये जाक आंकेतीलने मिळवला. थिस १९७१ मध्ये निधन पावला.