जुन्या शिकारी सुरीचे वय

जुन्या शिकारी सुरीचे वय तिच्यावरील गंजावरून ठरविण्याचा मोह अनेकांस होतो. परंतु दमट कोठारात पडून राहिलेले पोलाद थोड्याच वर्षांत जीर्ण दिसू लागते, म्हणून खरा दाखला शोधावयाचा तो पात्याच्या बुडाशी, मुठीलगत उमटविलेल्या कारखान्याच्या ठशात. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर उत्पादक देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. तेव्हा शेफील्डच्या पात्यावर ‘इंग्लंड’ ही अक्षरे असल्यास ते बहुधा त्यानंतरचे समजावे. सर्वांत सुबोध दप्तर मात्र पेनसिल्व्हेनियातील ब्रॅडफर्डच्या ‘केस’ कारखान्याने खुद्द पोलादावरच ठेवले: १९७० साली त्याने आपल्या घडीच्या चाकूंच्या ठशाखाली दहा ठिपके उमटविले आणि पुढे दरसाल एकेक कमी करीत नेला, म्हणजे त्या दशकातील ठशाखाली भिंगातून सात ठिपके दिसले, की पाते १९७३ चे. इतकी साधी योजना या व्यवसायात विरळाच. अर्थात ठसा वय सांगतो ते केवळ पात्याचे. मूठ मागाहून बदललेली असू शकते, म्हणून तिची रिबिटे आणि सांधेही बारकाईने न्याहाळावेत. वाचकांस आग्रहाची विनंती एवढीच, की घरातील जुनी सुरी घासून लखलखीत करू नये. त्या उत्साहात हा ठसाच पुसला जातो.