सही करण्याआधी : अमेरिकेतील भाड्याचे घर

“मामू, बाकी तिघे तयार आहेत. आज सही केली नाही तर घर हातचे जाईल.” भाच्याचा फोन आला तेव्हा आपल्याकडे फजरची वेळ होती. मिशिगन विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला होता. ॲन आर्बर हे सुमारे सव्वा लाख वस्तीचे शहर. तिथले बरेचसे भाडेकरार ऑगस्टअखेर संपतात आणि पुन्हा सुरू होतात. त्यामुळे विद्यार्थ्यांची घाई ठरलेली. मी एवढेच विचारले, “करार पूर्ण वाचलास?” पलीकडे शांतता.

आपल्या अनेक घरांतील मुले-मुली आता परदेशी शिकायला जातात. आपण व्हिसा, तिकीट, मसाले सगळे पाहतो. पण भाडेकरार त्यांच्यावर सोडून देतो. त्या कागदावर वर्षभराचा पैसा अडकलेला असतो.

भाच्याच्या करारात चौघांची जबाबदारी एकत्र होती. म्हणजे एकजण निघून गेला, तर त्याचा हिस्साही उरलेल्यांकडून वसूल होणार. काही ठिकाणी प्रत्येकाचा स्वतंत्र करार मिळतो. आधी तसे विचारावे. हीटरचा खर्च कोणाकडे, हेही विचारावे. तिथला हिवाळा कडक असतो आणि बिल भाड्याबाहेर असेल तर हिशेब कोलमडतो.

नव्याने गेलेल्याचा अमेरिकेत ‘क्रेडिट स्कोअर’ नसतो. मग मालक जामीनदार मागतो किंवा प्रवेशपत्र व बँकेचे स्टेटमेंट पाहतो. मात्र घर न पाहता, कोणी ओळखीचा तिथे जाऊन आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. खोट्या जाहिरातींचे फसवे लोक अशाच घाईची वाट पाहतात.

डिपॉझिटबाबत मिशिगनचा १९७२ चा कायदा स्पष्ट आहे. दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. भाडे १२०० डॉलर असेल तर कमाल १८०० डॉलर. घरात शिरताना वस्तूंची व खराबीची यादी मिळते. ती भरून सात दिवसांत परत द्यायची. भिंतीवरचा डागही लिहावा, फोटो काढावेत. घर सोडल्यावर चार दिवसांत नवा पत्ता लेखी कळवायचा. काही रक्कम कापायची असेल तर मालकाने ३० दिवसांत तपशीलवार यादी पाठवावी लागते. ती मान्य नसेल तर सात दिवसांत उत्तर द्यावे. इतर राज्यांत नियम वेगळे असतात, ते तिथे विचारून घ्यावेत.

नाव ऐकताच “घर गेले” असे उत्तर ऐकण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. अमेरिकेत १९६८ च्या ‘फेअर हाउसिंग’ कायद्याने धर्म, वंश, मूळ देश यांवरून घर नाकारण्यास बंदी केली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरातच त्यावर सही झाली. मालक स्वतः राहतो अशा चारपर्यंत घरांच्या इमारतीला काही सूट आहे. भेदभाव तिथेही होतो. पण तक्रारीला जागा आहे आणि केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याकडे एका वर्षाच्या आत ती करता येते.

हक्कांबरोबर कर्तव्येही आली. फोडणीच्या धुराने अलार्म वाजतो, सहरीच्या भांड्यांचा आवाज पातळ भिंतीपलीकडे जातो. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने किती मोठा मानला आहे, हे मुलांना निघतानाच सांगावे. भाड्याचे घर ही अमानत आहे.

भाच्याने त्या रात्री सही केली नाही. दुसऱ्या दिवशी चौघांनी करार एकत्र वाचला आणि आपसांतही एक कागद केला : मध्येच जाणाऱ्याने मालकाच्या संमतीने बदली माणूस मिळेपर्यंत आपला हिस्सा द्यायचा. मग सह्या केल्या. जानेवारीत एकाचे वडील आजारी पडले आणि त्याला परतावे लागले. दोन महिने त्याने हिस्सा पाठवला, तोवर दुसरा मुलगा मिळाला. कोणाचे मन दुखावले नाही.

कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरातील २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. मित्रांमध्ये लिहायला आपल्याला संकोच वाटतो. त्या चौघांची मैत्री मात्र त्या कागदामुळेच टिकली.