प्रतिप्रवाही उष्णताविनिमय : पेंग्विन आणि चितळ

अंटार्क्टिकातील सम्राट पेंग्विन उणे ४० अंश सेल्सिअसच्या थंडीतही आपले शरीर सुमारे ३८ अंशांवर राखतो. चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांच्या अरण्यांत प्रश्न नेमका उलट आहे. चंद्रपूर येथे मे महिन्यात तापमान ४७ अंशांवर गेल्याच्या नोंदी आहेत; अशा वेळी हवा प्राण्याच्या रक्ताहूनही उष्ण असते. तथापि, या दोन्ही टोकांना शरीररचनेतील एकच तत्त्व उपयोगी पडते, ही लक्षणीय गोष्ट होय.

पेंग्विनचे धड दाट पिसांनी व चरबीच्या थराने सुरक्षित असते; पाय मात्र उघडे. पायाकडे जाणाऱ्या रोहिण्या परतणाऱ्या नीलांना लगटून असतात. दोन्ही प्रवाह विरुद्ध दिशांचे असल्याने उष्ण रक्त आपली उष्णता थंड रक्तास देते व ती धडाकडे परत जाते. पाऊल गोठणबिंदूच्या किंचित वर राहते, आणि म्हणूनच बर्फास फारशी उष्णता गमावत नाही.

चितळ, सांबर, नीलगाय व गवा या रवंथ करणाऱ्या प्राण्यांत हीच योजना कवटीच्या तळाशी आढळते. नाकातील ओलसर त्वचेवरून पाण्याचे बाष्पीभवन होऊन तेथील रक्त थंड होते. हे नीलारक्त एका कोटरात साठते. मेंदूकडे जाणारी रोहिणी त्याच कोटरात सूक्ष्म जाळ्याच्या रूपाने विभागलेली असते. तेथे उष्णता देऊन तिचे रक्त मेंदूत शिरते.

ही योजना मेंदूस उष्णतेच्या इजेपासून वाचविण्यासाठी आहे, असा पूर्वी समज होता. परंतु आफ्रिकेतील मोकळ्या हरिणवर्गीय प्राण्यांच्या शरीरात तापमापक बसवून केलेल्या निरीक्षणांत निराळेच दिसून आले. जिवाच्या आकांताने धावताना, म्हणजे शरीर सर्वाधिक तापलेले असताना, मेंदूचे हे शीतन थांबते. यावरून पुढील उपपत्ती मांडण्यात आली : तापमान जाणणारे केंद्र मेंदूतच असते, ते थंड राहिले म्हणजे घाम व धाप कमी होतात आणि शरीरातील पाणी वाचते.

म्हणजे दोन्ही प्राणी काटकसरच करतात. फरक आहे तो मूल्याचा. सम्राट पेंग्विनचा नर अंडे उबविण्याच्या ऋतूत सुमारे ४ महिने उपाशी राहून चरबी खर्च करतो. चितळ पाणी खर्च करते. काटकसरीने खर्च कमी होतो, संपत नाही. उन्हाळ्यात बोड्या व नाले आटले, की चितळास उरलेल्या पाणवठ्यावर यावेच लागते, आणि ताडोबाच्या अरण्यात त्याच पाण्यात वाघही अंग थंड करीत बसलेला असतो. तेव्हा वैशाखातील पाणवठ्यांचे रक्षण हा केवळ तहानेचा प्रश्न नाही. देहाचे तापमान राखण्याची ही सारी योजना त्या पाण्यावरच अवलंबून आहे.