रामशास्त्र्यांच्या पलीकडचा न्याय

मराठी माणसाला जुन्या न्यायाबद्दल विचारा, उत्तर ठरलेले: रामशास्त्री प्रभुणे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, शास्त्रीबोवांनी राघोबादादांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि ते पुणे सोडून गेले. कथा बाणेदार आहे, पाठ्यपुस्तकात शोभते. पण पाटीलकी, कुलकर्ण, मिरास, बलुते, शीव यांवरून दोनशे वर्षे गावोगाव जे तंटे चालले, ते कोणी आणि कशाच्या आधारावर तोडले? याचा शोध घेण्यात ज्यांनी उमेद खर्ची घातली, त्यांची नावे मात्र इतिहासाच्या पदवीधरालाही सांगता येत नाहीत. त्या मंडळींच्या कामाचा हा आढावा आहे.

कागद आपल्याकडे मुबलक होते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. वाड, मावजी आणि पारसनीस यांनी वतनपत्रे-निवाडपत्रांचा संग्रह १९०९ मध्ये छापला. पुढच्याच वर्षी भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले आणि ‘शिवचरित्र साहित्या’च्या खंडांतून असे कागद छापले जाऊ लागले. लढायांची पत्रे शोधायला गेलेल्यांच्या हाती वतनाचे कागद जास्त लागले. साहजिक आहे. लढाईचे पत्र वाचून झाले की टाकून देता येते. वतनाचा कागद म्हणजे घराण्याच्या हक्काचा पुरावा, तो देव्हाऱ्याइतकाच जपला जायचा. तरीही जमवणाऱ्यांची नजर त्यातल्या शकावलीवर आणि घराण्यांवर होती. तंट्याकडे तंटा म्हणून फारसे कोणी पाहिले नाही.

या कागदांतला एखादा महजर, म्हणजे सभेने केलेल्या निवाड्याचा कागद, हाती घेऊन पाहावा. वर तिथी-वार, मग ‘हाजीर मजालसी’ म्हणून जमलेल्यांची नावे: देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावांचे पाटील, चौगुले, शेटे-महाजन, बलुतेदार, आदिलशाही-निजामशाहीतल्या कागदात काजीसुद्धा. वाद मांडणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा पश्चिमवादी. निवाडा मानू असे राजीनामे दोघांनी आधीच लिहून द्यायचे, वर जामीन. मग तकरीर, म्हणजे आपली बाजू मांडणारी जबानी, मग करीना, म्हणजे हे वतन आपल्याकडे कसे आले याची पिढ्यांपिढ्यांची हकीकत. सभेवर भरवसा नसेल तर थळ, म्हणजे निवाड्याची जागा, बदलून मागता येई. साक्षीदार देवळात शपथ घेऊन बोलत. खोटे बोललास तर बेताळीस पूर्वज नरकात जातील, ही जाणीव त्यांना दिलेली असे. हद्दीच्या वादात महाराच्या शब्दाला मोठे वजन होते. एवढ्याने उलगडा झाला नाही तर दिव्य. रवा दिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत घालून तिच्यावर मोहर करायची आणि काही दिवसांनी सर्वांसमक्ष उघडून बघायचा. हरलेल्याकडून यजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा कागद, लिहून घेतले जाई. सरकार जिंकणाऱ्याकडून हरकी घेई आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी, म्हणजे सरकारचे नुकसान कधीच नाही. शेवटी ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या निशाण्या: पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा. एका कागदावर अख्खा परगणा बसलेला दिसतो.

या कागदांचे शास्त्र प्रथम नीट लावले विठ्ठल त्रिंबक गुणे यांनी. ‘द ज्युडिशियल सिस्टम ऑफ द मराठाज’ हा त्यांचा ग्रंथ डेक्कन कॉलेजच्या प्रबंधमालेत १९५३ मध्ये निघाला. त्याआधी सुरेंद्रनाथ सेनांनी कलकत्त्याहून १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यकारभारावर लिहिले होते, त्यात न्यायालाही जागा होती. पां. वा. काण्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड १९४६ मध्ये आला, त्यात व्यवहारकांडाचा सांगोपांग विचार आहे. पण काणे सांगतात ते शास्त्र काय म्हणते. गुणे विचारतात, सभेने प्रत्यक्षात काय केले? १६०० ते १८१८ हा पट धरून ते निवाड्यामागून निवाडा तपासतात. त्यातून दिसते ते असे, की ग्रंथाच्या वचनापेक्षा गोताचा, म्हणजे जमलेल्या सभेचा, शब्द, जुना कागद आणि चालत आलेली वहिवाट भारी पडत असे. आणि साताऱ्याच्या शाहूमहाराजांच्या पुढच्या काळात मोठी गोतसभा मागे पडून मोजक्या पंचांचा आणि सरकारचा हात वाढत गेला. पुस्तक रुक्ष आहे, सलग वाचवत नाही. तरी या विषयातला पाया तोच, असे माझे स्पष्ट मत आहे.

गुणे पुढे गोव्याच्या पुराभिलेखागाराचे संचालक झाले. हे दप्तर १५९५ मध्ये दियोगु दु कोतु या इतिहासकाराच्या हाती सोपवून सुरू झालेले. गुण्यांच्या आधी पांडुरंग पिसुर्लेकरांनी ते नावारूपाला आणले होते. गुण्यांनी १९७३ मध्ये त्या संग्रहाची मार्गदर्शिका काढली आणि १९७९ चे गोवा गॅझेटियर संपादित केले. वरवर पाहता ही वाट वेगळी वाटेल. पण गावकऱ्यांच्या चालीरीती पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालमध्ये लिहून काढल्या, त्या गोव्यात गोतसभा आणि वतन पचवलेला माणूस बसणे यापरते योग्य काय? आमच्याकडे अभिलेखागारातल्या माणसाला प्राध्यापकाच्या खालच्या पायरीवर बसवण्याची खोड आहे. या विषयात ती अगदीच फोल ठरते.

विद्यापीठांच्या बाजूने पाहिले तर पुण्यात अ. रा. कुलकर्णी आणि टोरांटोत नरेंद्र वागळे ही जोडी ठळक. कुलकर्ण्यांनी शिवकालाकडे गाव, वतन आणि बाजारपेठेच्या बाजूने पाहिले. वागळ्यांचे १९६६ चे पुस्तक बुद्धकालीन समाजावर. तिथून ते पेशवाईकडे वळले आणि १९७६ मध्ये दोघांनी मिळून वल्लभकृत परशरामचरित्र संपादित केले. वागळ्यांचे माझ्या लेखी सर्वांत मोलाचे काम पुणे कोतवालीच्या १७६६ ते १७९४ च्या कागदांवरचे. घाशीराम कोतवाल आपल्याला तेंडुलकरांच्या नाटकातून ठाऊक. वागळे त्याच्या कचेरीची वही उघडतात. बदकर्माचा दंड कोणाला बसला, जातीने टाकलेल्याची तड सरकारने कशी लावली, हे तिथे कळते. एकाने दुसऱ्याच्या घरात भूत घातले, अशा फिर्यादींवरही त्यांनी लिहिले आहे. हसू येते खरे, पण सरकार त्यांची रीतसर चौकशी करी आणि वागळेही त्या तितक्याच गांभीर्याने वाचतात.

जपानमध्ये हिरोशी फुकाझावांनी दख्खनच्या गावगाड्यावर आयुष्य घातले. सुमित गुहांनी १९९५ मध्ये अठराव्या शतकातल्या महाराष्ट्रातील शिक्षापद्धतीवर, डोंगरी किल्ल्यांवरच्या बंदिवानांसकट, लिहिले. २००४ च्या निबंधात तर त्यांनी आपल्या साहित्याच्या अभ्यासकांनाच खाद्य दिले: वतनाच्या वादात सभेपुढे सांगायच्या करीन्यातून इतिहास सांगण्याची रीत घडली आणि बखरीची एक मुळी तिथे आहे. बखरवाङ्मयावर आपण एवढे लिहितो, पण या मुद्द्याची दखल हवी तितकी घेतली गेलेली नाही.

ही यादी पाहून बोचते ते हे, की कागद आपले, लिपी आपली, आणि त्यावरची महत्त्वाची विवेचने इंग्रजीत. कायद्याच्या अभ्यासक्रमातला इतिहास बहुधा १७२६ च्या मेयर्स कोर्टांपासून सुरू होतो. एल्फिन्स्टनची १८२७ ची संहिता भेटलीच तर एका वाक्यात. त्याआधी या मुलखात राजीनामा, जामीन, तकरीर, साक्ष आणि निवाडा अशी चढती पायरी होती, हे वकील होणाऱ्या मुलाला कोण सांगणार? मोडीचे वर्ग निघतात, पण ते इतिहासाच्या हौशी मंडळींपुरते. विधी महाविद्यालयांनी ते आपल्याकडे घ्यायला हवेत. गुण्यांचा ग्रंथ मराठीत, निवडक महजरांच्या मूळ पाठासह, दुकानात सहज मिळायला हवा. आणि वाचकहो, तुमच्या गावच्या वाड्यात माळ्यावर मोडी कागदांचा रुमाल असेल तर तो रद्दीत घालू नका. आधी जवळच्या पुराभिलेखागारात किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात नेऊन दाखवा.